तंजावरचा राजवाडा : बाबा, मोडी आणि नोव्हेंबरचा पाऊस

बाबांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मोडी वाचता येतं म्हणून निवृत्तीनंतरही गावाकडची माणसं पिशवीत जुने कागद घालून आमच्या घरी येतात. "तंजावरला मोडीचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत," हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. यंदा त्यांना पंचाहत्तरावं लागलं. म्हटलं, आता गठ्ठे बघूनच येऊ. पुण्याहून विमानाने चेन्नई आणि तिथल्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीची गाडी.

पहिला दिवस : चुकीच्या वारी बरोबर दारात

सकाळी तंजावरला उतरलो तर धो धो पाऊस. आपल्याकडे दिवाळी झाली की छत्र्या माळ्यावर जातात. इथे खरा पाऊस तेव्हाच सुरू होतो, हे भूगोलात शिकलो होतो, पण भूगोल कोण बॅगेत भरतं? स्टेशनबाहेर एक छत्री घेतली, ती तिसऱ्या दिवसापर्यंत टिकली. चौथ्या दिवसाचं पुढे येईलच.

पोंगल-वडा खाल्ला, पितळी दवऱ्यातून कॉफी प्यायलो आणि थेट राजवाड्यावर गेलो. दारातच कळलं की सरस्वती महाल ग्रंथालयाचा आज सुट्टीचा वार. ज्याच्यासाठी हजार किलोमीटर आलो तेच बंद! चूक माझीच, वार बघितलाच नव्हता. बाबा काही बोलले नाहीत. "सरकारी जागा आहे, सुट्टी असायचीच," एवढंच म्हणाले आणि धोतराचा सोगा वर खोचून चालू लागले.

राजवाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर म्हैसूर येत असेल तर ते चित्र आधी पुसा. तंजावरचा राजवाडा ही एक इमारत नाही. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या मालकांच्या इमारती एका जुन्या कोटाच्या पोटात दाटीवाटीने उभ्या आहेत. चुन्याचा गिलावा, पावसाने काळी पडलेली कमान, कमानीत पिंपळाचं रोप. मधेच एखादा चौक इतका मोठा, की आपण बाहेर आलो की आत गेलो तेच कळत नाही. तिकिटंही ठिकठिकाणी वेगळी. आम्ही दिवसभरात खिशात पाच चिठोऱ्या जमवल्या.

सुरुवात नायक राजांनी केली. विजयनगरचे सुभेदार म्हणून ते सोळाव्या शतकात इथे आले आणि पुढे स्वतंत्र झाले. त्यांचा शेवट भयंकर आहे. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरावर चाल केली. म्हातारा विजयराघव नायक लढायला बाहेर पडला आणि जाताना त्याने जनानखाना सुरुंगाने उडवून दिला, असं सांगतात. पुढे नायकांच्या वारसाला गादीवर बसवायचं म्हणून विजापूरच्या आदिलशहाने फौज पाठवली. त्या फौजेचा सरदार होता व्यंकोजी भोसले, शहाजीराजांचा मुलगा, शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ. वारसाला बसवायला आलेला माणूस स्वतःच बसला. १६७६ च्या सुमाराची ही गोष्ट. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही सदतीस वर्षं, या वाड्यात मराठी राजा होता.

मराठ्यांच्या दरबाराचा मंडप उघडा आहे, एका बाजूने चौकाला भिडलेला. जाड खांब, त्यांवर रंगवलेली वेलबुट्टी, कमानींत देवादिकांच्या आकृती. रंग बरेच विटलेत, पण पावसाळी उजेडात लाल आणि हिरवा उठून दिसत होता. मधोमध सिंहासनाचा चौथरा, वर लाकडी मेघडंबरी. आमच्याबरोबर शाळेची सहल होती. पोरं चौथऱ्यासमोर ओळीने उभी राहून फोटो काढत होती आणि बाई "सीक्रम, सीक्रम" ओरडत होत्या. लवकर आवरा, एवढं तमिळ मला पहिल्याच दिवशी आलं.

कलादालन नायकांच्या जुन्या दरबारात आहे आणि तिथे निदान दोन तास ठेवा. चोळांच्या काशाच्या मूर्ती बघून इतर संग्रहालयांची मजाच जाते. तिरुवेंकाडूहून आणलेला १०११ सालचा वृषभवाहन शिव बघा. डोक्यावर जटांचा फेटा, एक हात सहज टेकल्यासारखा. ज्या नंदीवर टेकला होता तो नंदी आता नाही. हात मात्र हजार वर्षं तसाच, हवेवर टेकलेला. मी तिथून हलेना, तेव्हा बाबांनी घड्याळ दाखवलं.

त्याच दालनात दुसऱ्या सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पूर्णाकृती पुतळा आहे. लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेला. डोक्यावर टोकदार टोपी, हात जोडलेले. राजाचा पुतळा तलवारीवर हात ठेवून उभा असतो अशी आपल्याला सवय. हा नमस्कार करतोय. बाबा पुतळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांचेही हात आपोआप जोडले गेले. मग ओशाळून चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी शिवगंगा बागेजवळच्या १७७९ च्या चर्चमध्ये गेलो. त्याच फ्लॅक्समनचं दुसरं काम इथे आहे. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि त्याचा हात धरून उभा तरुण सरफोजी. दत्तक गेलेल्या या पोराला चुलत्याच्या, अमरसिंहाच्या, छळातून सोडवून शिकवलं ते या पाद्र्याने. राजा हिंदूच राहिला, पण गुरूचं स्मारक त्याने स्वतः करवून घेतलं.

*जाणाऱ्यांसाठी :* ग्रंथालयाचा सुट्टीचा वार आधी विचारा (अनुभवाचे बोल). राजवाड्यात सुटे पैसे जवळ ठेवा, दर तिकीट खिडकीवर लागतात. घंटामनोऱ्याच्या इमारतीत देवमाशाचा सांगाडा ठेवलाय. तो तिथे का, असा प्रश्न पडेल. १९५५ मध्ये तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागला होता, म्हणून. मुलं बरोबर असतील तर तेवढं चुकवू नका.

दुसरा दिवस : भिंतीवरचं मराठी आणि ताटातलं मराठी

पाऊस थांबला होता. सकाळी सात वाजता बृहदीश्वराच्या आवारात ओल्या दगडांवर अनवाणी चालायला जे सुख आहे, ते दुपारी अकराला नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांच्या वर. त्याच्याबद्दल इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी भर घालत नाही. आम्ही निघालो होतो नैऋत्येच्या कोपऱ्याकडे.

तिथल्या भिंतीवर देवनागरीत भोसल्यांचा सगळा इतिहास कोरलेला आहे. सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतला. भिंतभर अक्षरं, ओळींमागून ओळी. चोळांच्या देवळात, तमिळ शिलालेखांच्या गर्दीत, अचानक आपली अक्षरं दिसली की पोटात काहीतरी हलतं, खोटं कशाला बोलू. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, बोट भिंतीपासून दोन इंचांवर धरलं आणि वाचायला सुरुवात केली. शब्द सुटे नाहीत, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून. ते सातबारा वाचायच्या सुरात वाचत होते, एका लयीत, अडलं की मागे जाऊन. शेजारून दर्शनाला जाणारे लोक थांबायला लागले. एका बाईंनी मला खुणेने विचारलं, स्तोत्र आहे का? मी मान डोलावली. काय सांगणार?

अर्ध्या तासाने मागून आवाज आला, "तुम्ही मऱ्हाठी काय?"

सत्तरीचे गृहस्थ, कपाळाला गोपीचंदन, पांढरी वेष्टी. बँकेतून निवृत्त. इथले मराठी ब्राह्मण 'रायर' म्हणून ओळखले जातात, म्हणजे आपले राव. पिढ्यान्‌पिढ्या इथेच. महाराष्ट्र एकदाच बघितलाय, पंढरपुरापुरता. त्यांचं मराठी ऐकायला फार गोड, शब्द जुने आणि चाल तमिळ. 'कुठे' नाही, 'कोठं'. वाक्याच्या शेवटी सूर वर जातो, मधेच 'सरी सरी' (बरं बरं) येतं. लिहितात मात्र तमिळ लिपीत. भिंतीवरचं देवनागरी त्यांना सलग वाचता येत नव्हतं. आणि बाबांना त्यांचं बोलणं पहिली पाच मिनिटं नीट कळत नव्हतं. दोघं एकमेकांकडे पाहून हसत होते.

"जेवायला घरी या," म्हणाले. आपण पुण्यात असं कोणाला म्हणतो का, हा विचार मी गिळला.

केळीच्या पानावर काय काय आलं सांगते. डांगर पच्चडी, म्हणजे आपलंच उडदाचं डांगर, दह्यातलं, वर मोहरीची फोडणी. रसवांगी, वांग्याचं. पातळ भाजी आणि घट्ट आमटी यांच्या मधलं काहीतरी, चिंच आणि खोबरं घातलेलं. मग काकू म्हणाल्या, "पिट्लै." बाबांचा चेहरा उजळला. चार दिवस भाकरी-पिठलं नव्हतं ना. पानात पडलं ते कारल्याच्या फोडी, तुरीची डाळ आणि भाजून वाटलेला मसाला. बेसनाचा पत्ता नाही! नाव पिठल्याचं, जीव सांबाराचा. बाबांनी आधी शंकेने चाखलं, मग दोनदा मागून घेतलं. शेवटी पुरणाची पोळी, तिला इथेही पोळीच म्हणतात.

सांबाराची ती प्रसिद्ध गोष्ट निघालीच. संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं संपली होती, आचाऱ्याने चिंच घातली, म्हणून 'सांबार'. रायरकाका म्हणाले, "गोष्ट छान आहे." बाबा म्हणाले, "कागद आहे का?" कागद कोणाकडेच नाही. तेव्हा ती गोष्ट म्हणूनच सांगावी.

भाषेचं देणंघेणं मात्र खरं आणि दोन्ही बाजूंनी. मराठी कीर्तनकार तंजावरला येत राहिले. त्यांच्या कीर्तनावर इथली हरिकथा पोसली. आजही तमिळ कथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हीच नावं चालतात. काकांनी गुडघ्यावर ताल धरून एक तमिळ साकी म्हणून दाखवली. चाल आमच्या गावच्या देवळातली.

तिसरा दिवस : गठ्ठ्यांच्या दारात

आज ग्रंथालय उघडं. बाबा साडेआठलाच तयार, ठेवणीतला सदरा घालून.

इथे थोडा मागचा भाग सांगायला हवा, नाहीतर ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची खोली वाटेल. १७९९ मध्ये सरफोजींना ईस्ट इंडिया कंपनीशी तह करावा लागला. राज्याचा कारभार कंपनीकडे. राजाला दरसाल एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. हुकूम चालायचा फक्त किल्ल्याच्या आणि वाड्याच्या आत. राजा तेव्हा बाविशीच्या आतबाहेर. पुढची तेहेतीस वर्षं त्याला राज्य करायचं नव्हतं आणि पैसा होता. अशा वेळी बाकीच्या संस्थानिकांनी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. याने कागद जमवले.

नायकांच्या काळापासून इथे पोथ्यांचा संग्रह होताच. सरफोजींनी तो अफाट वाढवला. सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीला गेले, येताना हस्तलिखितं आणली, घाटांची चित्रं काढून घेतली. युरोपातून पुस्तकं मागवली. वाड्यातच देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापनीती मराठीत छापली. पुण्या-मुंबईत मराठी छपाईचं नीट बस्तान बसायच्या आधी, तंजावरात! आज संग्रहात ४९ हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत, बहुतेक संस्कृत, तीन हजारांवर मराठी. आणि राजदरबाराच्या मोडी कागदांचे तेराशेहून अधिक गठ्ठे, ते वेगळेच.

सामान्य पाहुण्यांना दिसतं ते ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय. एकच लांबट दालन, फोटोला बंदी. ताडपत्रं, नकाशे, तंजावरी चित्रं. एका कपाटात चिनी शिक्षांची रंगीत चित्रं बघून मी दचकले. दुसरीकडे फ्रेंच चित्रकार ल ब्रँची माणसांच्या आणि जनावरांच्या चेहऱ्यांची तुलना. घुबडासारखा माणूस, घुबड शेजारी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आठवण झाली, पण ते असो. राजाला डोळ्यांच्या रोगांत फार रस होता. वाड्याच्या धन्वंतरी महालात रोगी तपासले जायचे, त्यांच्या नोंदी राहिल्यात आणि त्यांत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रंही काढलेली आहेत.

एका काचेखाली मोडीचा एक ताव होता. बाबा वाकले. मी घड्याळ बघितलं नाही, पण पहारेकरी दोनदा येऊन गेला. कागद पिवळा, शाई अजून काळीभोर, वरची रेघ आधी ओढून घेतलेली आणि तिला लटकवलेली अक्षरं. "हात चांगला आहे," बाबा म्हणाले. लिहिणाऱ्याचा हात. मग बोटाने एक अक्षर दाखवलं. "हा छ बघ. याच्यापुढे चंद्राची तारीख येते, मुसलमानी महिन्यातली. इथेही तोच रिवाज. आमच्या तालुक्यातले कागद असेच." 'राजश्री' वाचलं, आणखी दोन-तीन शब्द लागले, पुढे काचेवर उजेड पडत होता. पहारेकऱ्याने बघितलं, कुठूनतरी एक पुठ्ठा आणला आणि उजेड अडवून उभा राहिला. भाषेचा एक शब्द सामाईक नाही. बाबा वाचत होते, तो पुठ्ठा धरून होता.

गठ्ठे बघायला मिळतील का, असं कचेरीत विचारलं. अभ्यासकांसाठी रीतसर अर्ज करायचा असतो, असं कळलं. बाबांनी अर्जाचा नमुना कसा, कोणाच्या नावे, सोबत काय जोडायचं, हे सगळं वहीत लिहून घेतलं. नाराज झाले नाहीत. उलट "कागद असे सहज कोणाच्या हाती देतच नाहीत, बरोबर आहे" म्हणून खूश.

हे कागद शाबूत राहिले कसे, तीही गोष्ट आहे. १८५५ मध्ये सरफोजींचा मुलगा शिवाजी मुलगा नसताना वारला. कंपनीने गादी खालसा केली आणि वाड्यातली मालमत्ता, खासगीसकट, ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासला निकाल त्यांच्या बाजूने लागला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरवला. हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, त्यावर कोर्टाचा अधिकार चालत नाही, असा निवाडा. कायद्याच्या पुस्तकांत तो अजून शिकवतात. मी हे हॉटेलवर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. "खासगीची यादी वेगळी केली होती का त्यांनी?" म्हणाले. "यादी एक झाली की संपलं." ग्रंथसंग्रह मात्र जागचा हलला नाही आणि १९१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

*जाणाऱ्यांसाठी :* ग्रंथालयाच्या विक्री खिडकीवर त्यांची स्वतःची प्रकाशनं मिळतात, किमती जुन्या काळातल्या. मराठीतलीही आहेत, विचारावी लागतात. बाहेर मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्या मिळतात. कागदाच्या लगद्याच्या घ्या आणि दुकानात मान नीट हलते का ते बघा, आमची पहिली अडकत होती.

चौथा दिवस : मनोरा

गाडी करून दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्राकडे. वाटेत ओरत्तनाडूला मुक्तांबाबाईंच्या नावाचं छत्र बघितलं. १८०२ च्या सुमारास सरफोजींनी बांधलेलं. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी अन्नछत्रं ओळीने घातली होती. चालत जाणाऱ्याला जेवण आणि मुक्काम, विद्यार्थ्यांना शिक्षण. कारभार गेला तरी राजाने छत्रं आपल्या हातात ठेवण्याचा हट्ट धरला होता.

पुढे समुद्रकाठी एकटा उभा असलेला षटकोनी, आठ मजली बुरूज. गावकरी त्याला 'मनोरा'च म्हणतात. तमिळ ड्रायव्हरच्या तोंडून तो शब्द ऐकून बाबा मागे वळून माझ्याकडे बघून हसले. १८१४-१५ मध्ये सरफोजींनी हा बांधला तो इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून. होय, ज्या कंपनीने राज्य घेतलं तिच्या विजयाचा मनोरा, बंगालच्या उपसागराच्या काठी. मला हे काही केल्या पचेना. लाचारी म्हणावी की हुशारी? "पेन्शन कोण देत होतं?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, कंपनी. "मग?" म्हणाले आणि खारे दाणे सोलायला लागले.

वारा इतका होता की छत्री उलटी झाली, काड्या मोडल्या. पाऊस आडवा येत होता. आम्ही आणि दाणेवाला पोरगा असे तिघं मनोऱ्याच्या भिंतीला चिकटून वीस मिनिटं उभे. पोरगा बाहुलीच्या पिशवीत डोकावत होता. मी काढून दाखवली. वाऱ्यात ती अशी काही डोलायला लागली की तो खदखदून हसला.

संध्याकाळी रायरकाका भेटायला हॉटेलवर आले. वहीच्या पानावर तमिळ लिपीत काही लिहून आणलं होतं. त्यांच्या आजीची मराठी ओवी. त्यांनी वाचली, बाबांनी ऐकत ऐकत देवनागरीत उतरवली, मग खाली मोडीत. काकांनी तो कागद दुमडून वेष्टीच्या कनवटीला लावला.

परत येताना तिरुचीहून विमान होतं. काट्यावर बॅग साडेतीन किलो जास्त. मी म्हटलं, बाबा, पुस्तकं कुरिअरने पाठवू. त्यांनी बॅग उघडली, माझ्या दोन साड्या आणि स्वतःचा स्वेटर काढला, स्वेटर अंगात घातला, साड्या माझ्या खांद्यावर टाकल्या आणि चेन लावली. बाहुली पिशवीत मावेना, म्हणून ती मांडीवर. विमान सुटलं तशी तिने मान हलवायला सुरुवात केली आणि चेन्नई येईपर्यंत ती हलवतच होती.